मागच्या दाराची पदवी नको!

आपल्या ओळखीतली एखादी मुलगी पीएच.डी. झाली की घरात काय आनंद असतो! पेढे वाटले जातात, पेपरात फोटो येतो, दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉ. लागतं. एखादी आजी मात्र हमखास विचारते, मग आता दवाखाना कुठं काढणार? सगळे हसतात आणि तिला समजावून सांगतात, की आजी, ही औषधाची डॉक्टर नव्हे, ही अभ्यासाची डॉक्टर.

पीएच.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी. विषय रसायनशास्त्र असो, मराठी असो की गृहशास्त्र, पदवीच्या नावात तत्त्वज्ञान येतंच. पण एक बाई अशी होऊन गेली, की जिनं खरोखरच तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र या विषयांत पीएच.डी.चा सगळा अभ्यास केला, प्रबंध लिहिला, तोंडी परीक्षा दिली, परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं... आणि विद्यापीठानं पदवी द्यायला नकार दिला. कारण एकच, ती बाई होती. पुढं सात वर्षांनी तीच पदवी वेगळ्या दारानं तिच्यापुढं आली, तेव्हा नकार तिनं दिला!

तिचं नाव मेरी व्हिटन कॅल्किन्स. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आजही भेटतं. पण त्या नावामागची बाई कशी होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मेरीचा जन्म ३० मार्च १८६३ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा. पाच भावंडांत ती थोरली. वडील धर्मोपदेशक होते. तिचं लहानपण बफलो शहरात गेलं आणि १८८० मध्ये हे कुटुंब बोस्टनजवळच्या न्यूटन गावी येऊन राहिलं. हे घर तिला शेवटपर्यंत पुरलं. वडिलांना मुलीच्या शिक्षणाची मनापासून हौस होती. मुलगी आहे, जुजबी शिकली तरी चालेल, असा विचार त्यांनी कधी केला नाही. मेरीच्या आयुष्यात वडिलांचा हा पाठिंबा किती मोलाचा ठरला, ते पुढं येईलच.

१८८२ मध्ये मेरी स्मिथ कॉलेजात दाखल झाली. हे खास मुलींचं कॉलेज. मुलींना मुलांसारखंच कसून शिक्षण द्यायचं म्हणून अमेरिकेत त्या काळी अशी काही कॉलेजं निघाली होती. अभ्यास छान चालला होता आणि १८८३ मध्ये घरावर आघात झाला. मेरीची धाकटी बहीण मॉड वारली. मेरी वर्षभर घरीच राहिली. आईची तब्येत नाजूक, घर दुःखात. पण त्या वर्षातही तिनं पुस्तकं बाजूला ठेवली नाहीत. ग्रीक भाषेचा अभ्यास केला, भावांना शिकवलं. मग परत कॉलेजात जाऊन १८८५ मध्ये ती पदवीधर झाली. विषय होते ग्रीक-लॅटिनसारख्या जुन्या भाषा आणि तत्त्वज्ञान.

त्यानंतर सगळं कुटुंब युरोपच्या लांबच्या प्रवासाला गेलं. तिथून परतल्यावर १८८७ मध्ये वेल्स्ली कॉलेजात ग्रीक शिकवायची नोकरी तिला मिळाली. वेल्स्ली हेही मुलींचंच कॉलेज आणि न्यूटनच्या अगदी शेजारी. तिथल्या अध्यक्षही बाई आणि शिकवणाऱ्याही बायकाच. मेरी तिथं अशी रमली, की पुढची चाळीसहून अधिक वर्षं तिनं तिथंच काढली.

आता गंमत बघा. ती शिकवत होती ग्रीक, पण तिचं मन होतं तत्त्वज्ञानात. हे कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेच्या लक्षात आलं. त्याच सुमाराला मानसशास्त्र हा नवा विषय आकाराला येत होता. तोवर माणसाचं मन हा तत्त्वज्ञानाचाच एक भाग समजला जाई. मन म्हणजे काय, आठवण म्हणजे काय, यावर नुसतं बसून विचार करायचा. पण जर्मनीत प्रयोगशाळा काढून, घड्याळं आणि यंत्रं लावून या गोष्टी मोजायला सुरुवात झाली होती. वेल्स्लीलाही हा विषय सुरू करायचा होता. पण शिकवणार कोण? तेव्हा मेरीला सांगण्यात आलं, की तू आधी एक वर्ष हा विषय शिकून ये, मग इथं शिकव.

पण शिकायला जायचं कुठं? जर्मनीला जाण्याचा विचार झाला, लांबच्या विद्यापीठांशी पत्रव्यवहारही झाला. शेवटी तिची नजर वळली ती घरापासून जवळच असलेल्या हार्वर्डकडे. हार्वर्ड विद्यापीठ १६३६ सालचं. अमेरिकेतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत मानाचं. तत्त्वज्ञान शिकवायला तिथं विल्यम जेम्स आणि जोसाया रॉइस यांच्यासारखे मोठे प्राध्यापक होते. पण तिथं प्रवेश फक्त पुरुषांना!

मुलींसाठी हार्वर्डच्या शेजारी १८७९ पासून एक वेगळी सोय होती. हार्वर्डचेच प्राध्यापक तिथं येऊन मुलींना तेच धडे पुन्हा शिकवायचे. याच सोयीचं पुढं १८९४ मध्ये रॅडक्लिफ कॉलेज झालं. पण मेरीला हवे होते ते वरच्या पातळीचे वर्ग, ज्यात मोजके विद्यार्थी प्राध्यापकांबरोबर एका टेबलाभोवती बसून चर्चा करतात. ते फक्त हार्वर्डमध्येच भरत.

जेम्स आणि रॉइस दोघंही तिला वर्गात घ्यायला तयार होते. आडवे आले ते विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट. मुलामुलींनी एका वर्गात बसायचं ही कल्पनाच त्यांना पसंत नव्हती. जेम्स यांनी अध्यक्षांना विनवलं. वेल्स्लीच्या अध्यक्षांनी पत्र दिलं. आणि मेरीच्या वडिलांनी तर हार्वर्डकडे रीतसर अर्जच केला, की माझ्या मुलीला या वर्गांना बसू द्यावं. अखेर १ ऑक्टोबर १८९० रोजी परवानगी मिळाली. पण तीही हातचं राखून. वर्गात बसायला हरकत नाही, मात्र ती हार्वर्डची विद्यार्थिनी समजली जाणार नाही, हे नोंदवून ठेवलं गेलं. म्हणजे पंगतीत बसा, पण पाहुण्यांच्या यादीत तुमचं नाव नाही!

जेम्स यांचं मानसशास्त्रावरचं मोठं पुस्तक त्याच वर्षी नुकतंच बाहेर आलं होतं. त्यांच्या वर्गात मेरीखेरीज चार पुरुष विद्यार्थी होते. या ना त्या कारणानं ते चौघंही गळाले आणि उरली एकटी मेरी. मग काय! जेम्स यांच्या घरच्या ग्रंथालयात, शेकोटीच्या एका बाजूला गुरू आणि दुसऱ्या बाजूला शिष्या, असा तो वर्ग वर्षभर चालला. ज्या मुलीला वर्गात घ्यायचं की नाही यावर एवढा खल झाला, तिला त्या काळच्या सर्वांत नामवंत मानसशास्त्रज्ञाची अशी स्वतंत्र शिकवणी मिळाली. जन्मभर ती या दिवसांची आठवण काढत असे.

त्याच काळात ती वूस्टर इथल्या क्लार्क विद्यापीठात एडमंड सॅनफर्ड यांच्याकडेही प्रयोग शिकत होती. तिथला तिचा एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. विषय होता स्वप्नं. रात्री वेगवेगळ्या वेळांचा गजर लावायचा, गजर झाला की उठायचं आणि स्वप्न पडलं असेल तर ते तिथल्या तिथं लिहून काढायचं. कितीही झोप येवो, सकाळवर ढकलायचं नाही. मेरीनं ५५ रात्रींत २०५ स्वप्नांची नोंद केली आणि सॅनफर्ड यांनी ४६ रात्रींत १७०. निष्कर्ष असा निघाला, की स्वप्नात येणारी माणसं, जागा, गोष्टी बहुतेक आपल्या रोजच्या जगण्यातल्याच असतात. हा अभ्यास १८९३ मध्ये छापून आला. स्वप्नांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात फ्रॉईड यांनी त्याचा उल्लेख केला आहे.

१८९१ मध्ये मेरी वेल्स्लीला परतली आणि तिनं तिथं मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. मुलींच्या कॉलेजातली ती पहिलीच. जागा मिळाली कॉलेजच्या मुख्य इमारतीच्या माळ्यावर आणि खर्चाला पैसे होते फक्त २०० डॉलर. तेवढ्यात तिनं जमेल तसं सामान गोळा केलं. पहिल्याच वर्षी ५४ मुलींनी हा विषय घेतला!

पण तिला स्वतःला अजून शिकायचं होतं. १८९२ मध्ये जर्मनीहून ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे तरुण प्राध्यापक हार्वर्डची प्रयोगशाळा सांभाळायला आले. हे मेरीच्याच वयाचे, १८६३ चाच जन्म. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचं तिनं ठरवलं. पुन्हा अर्ज, पुन्हा परवानगी, पुन्हा तीच अट, की ही पाहुणी आहे, विद्यार्थिनी नाही. आधी ती नोकरी सांभाळून जात असे. १८९४-९५ मध्ये तिनं पूर्ण वर्षाची रजा घेतली आणि प्रबंधाचं काम पुरं केलं.

काय होता तिचा विषय? एक गोष्ट आठवली की तिला जोडून दुसरी का आठवते? केवड्याचा वास आला की गौरी-गणपती डोळ्यांसमोर येतात, ते कशामुळं? मेरीनं यासाठी एक साधी युक्ती शोधली. माणसाला एक रंग दाखवायचा आणि त्याच्यानंतर लगेच एक आकडा. असे बरेच रंग, बरेच आकडे. मग नुसते रंग दाखवून विचारायचं, की याच्याबरोबर कोणता आकडा होता? कुठली जोडी नीट लक्षात राहते? जी सर्वांत शेवटी पाहिली ती? जी ठळक, वेगळी दिसली ती? की जी पुन्हापुन्हा पाहिली ती? उत्तर मिळालं, की पुन्हापुन्हा पाहिलेली. मुलांकडून रोज पाढे म्हणवून घेणाऱ्या कुठल्याही आईला हे उत्तर पटेल. पण आईला अनुभवानं ठाऊक असलेली गोष्ट मोजूनमापून सिद्ध करणं वेगळं. जोड्या लावून स्मरण तपासायची ही मेरीची पद्धत पुढं जगभर वापरली गेली.

१८९४ च्या शरद ऋतूत म्युन्स्टरबर्ग यांनी स्वतः हार्वर्डला पत्र लिहिलं. मेरी ही आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांत सरस आहे, तिला पीएच.डी.साठी रीतसर उमेदवार म्हणून स्वीकारावं, असं त्यांचं म्हणणं होतं. हार्वर्डनं साफ नकार दिला. बाई कितीही हुशार असो, हार्वर्डची पदवी बाईला देण्याची तयारी नाही!

एखादी असती तर इथंच थांबली असती. पण मेरीचे प्राध्यापक थांबले नाहीत आणि तीही थांबली नाही. १८९५ च्या वसंतात तिनं प्रबंध विभागापुढं ठेवला. २८ मे १८९५ रोजी तिची तोंडी परीक्षा झाली. परीक्षेला विद्यापीठाची मान्यता नव्हती, पण परीक्षक सगळे खरे होते. जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग, पामर, सांतायाना... तत्त्वज्ञान विभागातली ही मोठमोठी मंडळी तिला प्रश्न विचारायला बसली होती. परीक्षा संपल्यावर सर्वांचं एकमत झालं, की पीएच.डी.साठी जे जे लागतं ते सगळं हिनं पुरं केलं आहे. तसं त्यांनी विद्यापीठाला लेखी कळवलं. जेम्स यांनी तर एका परिचिताला लिहिलं, की हार्वर्डमध्ये आजवर झालेल्या अशा परीक्षांत ही सर्वांत चमकदार होती.

विद्यापीठानं पत्राची नोंद घेतली. पदवी दिली नाही.

मैत्रिणींनो, त्या वेळी अमेरिकेत बायकांना पीएच.डी. कुठंच मिळत नव्हती असं मात्र नाही. मेरीच्या परीक्षेच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, मार्गारेट वॉशबर्न हिला कॉर्नेल विद्यापीठानं मानसशास्त्रातली पीएच.डी. दिली. येल विद्यापीठानंही १८९२ मध्ये पीएच.डी.चा अभ्यास बायकांना खुला केला होता. म्हणजे काळ वाईट होता म्हणून सगळ्यांना माफ करावं, अशी स्थिती नव्हती. शेजारची दारं उघडत होती, हार्वर्डनं मात्र आतून कडी लावून घेतली होती.

मेरी वेल्स्लीला परतली आणि कामाला लागली. रडत बसली नाही, कुणाच्या नावानं बोटं मोडली नाहीत. त्या सुमाराला एका पुरुष प्रोफेसरांनी काही शब्द लिहवून घेऊन असा निष्कर्ष काढला होता, की बायकांचं मन जवळच्या, सजावटीच्या, एकेकट्या वस्तूंकडे धावतं आणि पुरुषांचं मोठ्या, उपयोगाच्या, व्यापक गोष्टींकडे. मेरीच्या एका विद्यार्थिनीनं वेल्स्लीत तोच प्रयोग करून पाहिला, तर निष्कर्ष वेगळेच आले! यावर मेरीनं मांडलेला मुद्दा आजही लक्षात ठेवावा असा आहे. मुलगा आणि मुलगी पाळण्यात असल्यापासून वेगळ्या रीतीनं वाढवली जातात. मग त्यांच्या मनात दिसणारा फरक जन्माचा की वाढवण्याचा, हे ठरवणार कसं? मुलीच्या हातात भातुकली द्यायची, मुलाच्या हातात बॅट द्यायची आणि मग म्हणायचं, बघा, हिला स्वयंपाकाची उपजतच आवड!

१८९८ मध्ये ती वेल्स्लीत तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राची पूर्ण प्राध्यापक झाली. १९०१ मध्ये तिचं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं. आणि मग उजाडलं १९०२ साल.

आता हार्वर्डवाल्यांनाही काहीतरी तोड काढायची होती. त्यांनी असं ठरवलं, की ज्या बायकांनी हार्वर्डमध्ये पीएच.डी.चा अभ्यास पुरा केला आहे, त्यांना रॅडक्लिफ कॉलेजनं पीएच.डी. द्यावी. चार बायकांपुढं हा प्रस्ताव आला, त्यांत मेरी एक होती. बाकीच्या तिघींनी पदवी घेतली. मेरीनं मात्र नाही म्हटलं.

का बरं? म्युन्स्टरबर्गही तिला पदवी घे म्हणून सांगत होते. पदवी मिळाली असती, नावापुढं डॉक्टर लागलं असतं, सगळा वाद मिटला असता. मेरीनं रॅडक्लिफला नम्रपणे कळवलं, की पदवी असणं माझ्या सोयीचं आहे आणि ती घेणं मला सोपं जाईल, रॅडक्लिफच्या विद्वत्तेबद्दल मला आदरही आहे. पण मी रॅडक्लिफमध्ये शिकले नाही. मी शिकले हार्वर्डमध्ये. शिक्षणाचं जे उत्तम ध्येय आहे, ते अशी पदवी घेऊन साधेल असं मला वाटत नाही.

नीट विचार केला की तिच्या म्हणण्यातली खोच कळते. प्रश्न तिच्या एकटीच्या पदवीचा नव्हता. तिनं ही पदवी घेतली असती, तर हार्वर्डची कायमचीच सोय झाली असती. पुढं येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगता आलं असतं, की तुमच्यासाठी ते बाजूचं दार आहे ना, मग इथं कशाला येता? अभ्यास तोच, प्राध्यापक तेच, परीक्षाही तीच, मग कागदावरचं नाव वेगळं का? मेरीला मागच्या दारानं मिळणारा मान नको होता.

ज्या तिघींनी पदवी घेतली त्यांनी काही पाप केलं असं मुळीच नाही. कष्ट त्यांनीही केले होते आणि बायकांना नोकरी मिळवताना पदवीचा कागद फार उपयोगी पडतो. मेरीजवळ कायमची नोकरी होती, माहेरचा भक्कम आधार होता. तिला नाही म्हणणं परवडणारं होतं, हे खरंच. पण परवडत असूनही किती जणी नाही म्हणतात?

पदवीवाचून तिचं काही अडलं का? १९०३ मध्ये अमेरिकेतल्या नामवंत मानसशास्त्रज्ञांची क्रमवारी लावली गेली, तेव्हा पन्नासांत मेरीचा क्रमांक बारावा होता. १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेची ती अध्यक्ष झाली. त्या खुर्चीवर बसणारी पहिली बाई! १९१८ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशन या तत्त्वज्ञांच्या संस्थेचंही अध्यक्षपद तिला मिळालं. तिथंही बाई म्हणून पहिलीच. तत्त्वज्ञानातल्या कायमच्या प्रश्नांवर तिनं लिहिलेल्या १९०७ सालच्या पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. कोलंबिया विद्यापीठानं १९०९ मध्ये आणि तिच्या स्मिथ कॉलेजनं १९१० मध्ये तिला सन्माननीय पदव्या दिल्या. चार पुस्तकं आणि शंभरावर लेख तिच्या नावावर आहेत.

हे सगळं मिळालं तरी बाईपण काही पाठ सोडत नव्हतं. मानसशास्त्रज्ञांच्या समितीची बैठक एकदा म्युन्स्टरबर्ग यांनी हार्वर्डच्या क्लबमध्ये जेवणाबरोबर ठेवली होती. दारातल्या धिप्पाड मुख्य वाढप्यानं मेरीला अडवलं. मोठ्या दालनात बाईला मनाई आणि बायकांच्या जेवणघरात एका बाईबरोबर इतके पुरुष सोडता येत नाहीत! मेरीनं ही आठवण पुढं लिहून ठेवली ती चिडून नव्हे, मिश्कीलपणे.

तिचा विचार काय होता, हेही थोडं सांगायला हवं. मानसशास्त्र म्हणजे सुट्या संवेदना, सुटे विचार मोजणं असं तेव्हा अनेक जण मानत. पुढं तर फक्त बाहेरून दिसणारी वागणूक मोजा, मन वगैरे काही बोलू नका, असा सूर निघाला. मेरीचं म्हणणं असं, की राग, आठवण, विचार हवेत तरंगत नसतात. राग हा कुणाचा तरी असतो. त्यामागं एक मी असतो आणि तो मी इतर माणसांशी बांधलेला असतो. या मीला सोडून मनाचा अभ्यास अपुरा आहे. हे मत फॅशनमधून गेलं, तिच्यावर टीका झाली, तरी तीस वर्षं तिनं ते सोडलं नाही. बाई हटवादी होती म्हणा हवं तर! पण जी बाई कागदाच्या पदवीसाठी आपलं खरं सोडत नाही, ती टीकेसाठी तरी का सोडेल?

ती घराला मात्र धरून राहिली. लग्न केलं नाही. न्यूटनच्या घरात आईवडिलांबरोबर राहिली, त्यांची काळजी घेतली. मोठ्या शहरातून मानाच्या नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा आईवडिलांना सोडून जायला नको म्हणून तिनं ते नाकारलं. पुरुष प्राध्यापकापुढं असा पेच सहसा येत नाही, त्याच्यासाठी घर कुणीतरी सांभाळत असतं. तरी मेरीनं याचं दुःख उगाळलं नाही. बायकांच्या हक्कांबद्दल ती उघड बोलत असे. १९०६ मध्ये बाल्टिमोरला बायकांच्या मताधिकाराची मोठी परिषद भरली, तिथं कॉलेजांतल्या इतर प्राध्यापिकांबरोबर तीही बोलली. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताधिकार मिळाला तो १९२० मध्ये, तिच्या डोळ्यांदेखत.

एक आनंद मात्र तिच्या हातून गेला. १७ मार्च १९१४ रोजी वेल्स्लीच्या त्या मुख्य इमारतीला आग लागली आणि इमारत जळून गेली. पण तिनं सुरू केलेला विषय काही जळला नाही, शिकवणं चालूच राहिलं.

१९२७ मध्ये हार्वर्डच्याच तेरा नामवंत माजी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला लिहिलं, की आता तरी या बाईंना त्यांची पदवी द्या. तोवर अध्यक्ष बदलले होते, ३२ वर्षं उलटली होती. उत्तर तेच. पदवी देण्यासारखं पुरेसं कारण दिसत नाही!

१९२९ मध्ये मेरी निवृत्त झाली. आईबरोबर निवांत राहायचं, लिहायचं, असे बेत होते. पण कर्करोगानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १९३० रोजी न्यूटनच्या घरी ती गेली. वय ६६. नावापुढं हार्वर्डचं डॉक्टर शेवटपर्यंत लागलं नाही.

रॅडक्लिफमध्ये शिकणाऱ्या मुलींना हार्वर्डच्या नावाची पदवी मिळू लागली ती १९६३ मध्ये. मेरीच्या जन्माला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. आणि १९९९ मध्ये तर रॅडक्लिफ कॉलेज हार्वर्डमध्ये विलीनच झालं. बाजूचं ते दार आता उरलेलं नाही.

आपल्यापुढं हार्वर्ड नसतं. पण बाजूची दारं असतातच. काम तू कर, सही दुसऱ्याची होईल. सभेला ये, पण मागं बस. शेतात राब, सातबाऱ्यावर नाव नको. तुझंच आहे सगळं, कागद कशाला हवा? दर वेळी नाही म्हणणं प्रत्येकीला जमेल असं नाही, आणि जमलं नाही म्हणून स्वतःला दोषही देऊ नये. पण दिलेली वस्तू आपल्या हक्काची आहे की तोंड बंद करण्यासाठी पुढं केलेली आहे, एवढं तरी ओळखता यायला हवं. मेरीला ते ओळखता आलं. म्हणून हार्वर्डच्या यादीत नाव नसलेली ही विद्यार्थिनी आज तिथल्या कितीतरी पदवीधरांपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.